टीव्हीचं चित्र जुळवताना: आधी बंद काय करायचं, मग लावायचं काय

दुकानात टीव्ही शेजारी-शेजारी मांडलेले असतात, डोक्यावर पांढरे दिवे लखलखत असतात आणि गिऱ्हाइकाची नजर सगळ्यांत भडक चित्राकडे जाते. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून टीव्हीत एक तरी मोड असा ठेवलेला असतो की ज्यात निळसर पांढरा, पेटलेला लाल आणि सुरीने कापल्यासारख्या कडा दिसतील. घरी आणल्यावर बहुतेक जण तोच किंवा त्याचा सौम्य भाऊ ‘स्टँडर्ड’ तसाच चालू ठेवतात आणि वर्षानुवर्षं कलाकारांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल बघतात.

चित्र जुळवणं, म्हणजे ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात, ते आपल्या आवडीचे रंग लावणं नव्हे. चित्रपट किंवा मालिका तयार होते तेव्हा रंग ठरवणारा माणूस एका प्रमाणित मॉनिटरसमोर बसलेला असतो. एचडी चित्रासाठी रंगांचं प्रमाण बीटी.७०९, पांढऱ्याचं प्रमाण डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिन (पांढरा किती पिवळट की निळसर हे सांगणारं माप; आकडा जितका मोठा तितका निळसर), काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ बीटी.१८८६ या २०११ सालच्या मानकाप्रमाणे, खोली अंधारी आणि पडद्यावरचा पांढरा सुमारे १०० निट्स (निट म्हणजे पडद्याची उजळता मोजायचं एकक). त्याला जे दिसलं त्याच्या शक्य तितकं जवळ आपल्याला दिसावं, एवढाच उद्योग आहे. यातलं बरंचसं काम रिमोट आणि पेनड्राइव्ह एवढ्यावर होतं.

सुरुवात करण्यापूर्वी

टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या. गार पडदा आणि तापलेला पडदा थोडा वेगळा वागतो. पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. ज्या वेळी तुम्ही खरोखर टीव्ही बघता त्या वेळचा उजेड खोलीत असू द्या. रात्री जेवणानंतर सिनेमा बघणाऱ्याने भर दुपारी पडदे उघडे ठेवून सेटिंग केलं तर ते रात्री डोळ्यांवर येणारच.

चाचणीची चित्रं हवीत. ‘एव्हीएस एचडी ७०९’ या नावाचा फुकट मिळणारा संच या कामासाठी बराच वापरला जातो. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, रंगपट्ट्या, कडांची चित्रं असं सगळं आहे. पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावता येतं. व्हिडिओच्या साइटवरही अशी चित्रं सापडतात, पण ती दाबून बारीक केलेली असल्यामुळे अगदी काळ्याजवळच्या छटा त्यात धड राहत नाहीत. काम भागतं, भरवसा थोडा कमी.

पहिली पायरी: मोड

सेटिंगमध्ये ‘पिक्चर मोड’ उघडा आणि ‘सिनेमा’, ‘मूव्ही’, ‘एक्स्पर्ट’, ‘कस्टम’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जे असेल ते निवडा. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ यांच्या वाटेला जाऊ नका. तिथून सुरुवात करून चित्र ताळ्यावर आणणं म्हणजे उगाच उलटा प्रवास. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्स या उद्योगसंस्थेने २०१९ मध्ये जाहीर केला. त्यात हालचाल गुळगुळीत करणं, कडा धारदार करणं, दाणे पुसणं ही कामं आपोआप बंद होतात, पांढरा डी६५ वर येतो आणि चित्राचा मूळ आकार कायम राहतो. तुमच्या टीव्हीत तो असेल आणि तुम्हाला याहून जास्त खटपट करायची नसेल, तर तो लावून इथेच थांबलात तरी शेजाऱ्यापेक्षा चांगलं चित्र बघाल.

मोड बदलल्यावर पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मवाळ वाटेल. ‘टीव्ही बिघडला का?’ असं घरातलं कुणीतरी विचारेलच. थोडे दिवस थांबा. डोळ्याला निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते, ती सुटली की जुना मोड परत लावून बघा. तेव्हा तोच ट्यूबलाइटसारखा निळा दिसेल.

दुसरी पायरी: बंद करण्याची यादी

आता ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘एक्स्पर्ट सेटिंग’ या नावाच्या आतल्या मेनूत जा. इथे टीव्हीने स्वतःच्या डोक्याने केलेली ढवळाढवळ असते, आणि ती बंद केल्याशिवाय पुढचं काही मोजता येत नाही. तुम्ही सेटिंगची एक पट्टी (स्लायडर) हलवाल, टीव्ही मागून दुसरी हलवेल.

ऊर्जाबचत आणि खोलीतला उजेड ओळखणारा सेन्सर बंद. हे मेनू पुष्कळदा चित्राच्या विभागात नसतात, सर्वसाधारण सेटिंगमध्ये दडलेले असतात. चित्र आपोआप अंधुक-उजळ होत असेल तर पहिला संशय यांच्यावरच घ्या. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर, लाइव्ह कलर किंवा त्या अर्थाचं जे काही असेल ते बंद. एलसीडी टीव्हीत ‘लोकल डिमिंग’ मात्र राहू द्या. पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करून काळा अधिक काळा करणारी ती खरीखुरी यंत्रणा आहे, रंगरंगोटी नव्हे.

हालचालीचं सेटिंग हा वादाचा विषय. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ऑटो मोशन प्लस (नव्या संचांत पिक्चर क्लॅरिटी), एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः कल्पून भरतो आणि मग भव्य ऐतिहासिक प्रसंगही स्टुडिओतल्या कौटुंबिक मालिकेसारखा सपक दिसू लागतो. चित्रपटासाठी हे बंदच करावं असं माझं मत आहे. पण ओएलईडी पडद्यावर (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो) कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळल्यासारखं वाटतं, तेव्हा अगदी खालच्या आकड्यावर ठेवलं तर चालतं. क्रिकेट, फुटबॉल बघणाऱ्यांनी त्यासाठी वेगळा मोड ठेवावा आणि तिथे हवं ते करावं.

‘नॉइज रिडक्शन’, म्हणजे चित्रातले दाणे पुसणं, तेसुद्धा बंद. जुन्या, कमी दर्जाच्या वाहिन्या जास्त बघत असाल तर ‘लो’ ठेवा, त्याहून वर नको. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि कापडाचा पोत सगळ्यांत आधी तेच खातं.

तिसरी पायरी: चित्राचा आकार

आजचा रुंद पडदा १६:९ असतो. कित्येक टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवतात, त्यामुळे चारी बाजूंची पट्टी कापली जाते आणि उरलेलं ताणलं गेल्यामुळे सगळंच जरा पुसट होतं. ही नळीच्या टीव्हीच्या काळातली सवय. तेव्हा कडेची घाण लपवायला ती लागायची, आता तिचा काही उपयोग नाही. ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’, ‘फुल पिक्सेल’, ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ अशा कुठल्यातरी नावाखाली ते बंद करता येतं. चाचणीच्या चित्रात पडद्याच्या अगदी कडेला रेघ असते. चारही बाजूंची रेघ दिसली की झालं.

चित्रपटात वर-खाली काळे पट्टे दिसतात म्हणून ‘झूम’ लावू नका. पुष्कळ चित्रपट २.३९:१ या आकारात घेतलेले असतात, ते पट्टे त्याचेच. जुन्या ४:३ कार्यक्रमाला डाव्या-उजव्या बाजूला पट्टे येणार. ते घालवण्यासाठी चित्र ताणलं की सगळी माणसं बुटकी आणि जाडी होतात.

चौथी पायरी: उजेड, काळा, पांढरा

इथे वेळ द्या. बाकी सगळं चुकलं तरी हे तीन जमले तर चित्र उभं राहतं.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. पडदा एकूण किती प्रकाश फेकतो ते ठरवणारी पट्टी म्हणजे ‘बॅकलाइट’, ओएलईडीत ‘ओएलईडी लाइट’ किंवा ‘पिक्सेल ब्राइटनेस’. काळा किती काळा हे ठरवणारी पट्टी म्हणजे परंपरेने ‘ब्राइटनेस’. आणि पांढऱ्याचं टोक ठरवणारी ‘कॉन्ट्रास्ट’. सोनीच्या अलीकडच्या संचांत ‘ब्राइटनेस’ म्हणजे बॅकलाइट, आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं. तुमच्या टीव्हीत काय आहे ते ओळखायची युक्ती सोपी आहे. काळोखं दृश्य थांबवून ठेवा आणि पट्टी वर न्या. काळ्यावर राखाडी धुकं चढलं तर ती काळ्याची पट्टी. काळा आणि पांढरा दोन्ही प्रमाणात उजळले तर ती प्रकाशाची.

प्रकाशाची पट्टी खोलीप्रमाणे लावायची. बर्फाचं किंवा ढगाळ आकाशाचं दृश्य लावा. डोळे बारीक करावेसे वाटले तर कमी करा, पांढरा मळका राखाडी वाटला तर वाढवा. स्टुडिओतले १०० निट्स हे अंधाऱ्या खोलीसाठी आहेत, उजेड असलेल्या दिवाणखान्यात याच्या दुप्पट लागले तरी त्यात वावगं काही नाही. म्हणूनच काही टीव्हींत एकाच मोडचे ‘ब्राइट रूम’ आणि ‘डार्क रूम’ असे दोन अवतार असतात. दिवसाचा एक, रात्रीचा एक, असे दोन मोड लावून ठेवणं हा सगळ्यांत सोयीचा मार्ग.

आता काळा. नेहमीच्या व्हिडिओत काळ्याचा आकडा ० नसून १६ असतो आणि पांढऱ्याचा २३५. चाचणीच्या चित्रात १६ च्या पार्श्वभूमीवर १७, १८, १९ अशा चढत्या पट्ट्या लुकलुकत असतात. दिवे मंद करा, ब्राइटनेस इतका वाढवा की सगळ्या पट्ट्या दिसतील, मग हळूहळू खाली या. १६ ची पार्श्वभूमी पूर्ण काळी झाली आणि १७ किंवा १८ ची पट्टी जेमतेम जाणवते आहे, तिथे थांबा. आणखी खाली गेलात तर काळ्या कोटाच्या घड्या, काळे केस, रात्रीच्या रस्त्याच्या कडेची झाडं सगळं शाईत बुडेल. वर राहिलात तर प्रत्येक रात्र धुक्याची.

एलसीडीवाल्यांसाठी एक सांगतो. मागचा दिवा जळत असल्यामुळे तुमचा काळा मुळात गडद राखाडीच असतो, विशेषतः आयपीएस या प्रकारच्या एलसीडी पडद्यावर. तो आणखी काळा व्हावा म्हणून ब्राइटनेस खाली ओढू नका. पडद्याचा काळा तेवढाच राहतो, फक्त त्याच्या जवळचे तपशील मरतात. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ६५०० केल्व्हिनचा मंद दिवा लावा. भिंत जराशी उजळली की डोळ्याला पडद्यावरचा काळा जास्त काळा वाटतो आणि डोळेही कमी शिणतात.

मग पांढरा. दुसऱ्या चित्रात २३५ च्या आसपासच्या पट्ट्या असतात. कॉन्ट्रास्ट वर नेत गेलात की एका ठिकाणी त्या एकमेकींत विरघळून सपाट पांढरा ठोकळा होतो. तिथून खाली या, २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसायला हव्यात. २३५ च्या वरच्याही काही दिसल्या तर उत्तम. याच वेळी पांढऱ्याला गुलाबी किंवा निळी झाक येत नाही ना ते बघा. येत असेल तर आणखी दोन-चार घरं खाली. एवढं झालं की पुन्हा काळ्याच्या चित्राकडे जा, कारण या दोन पट्ट्या एकमेकींना ओढतात. एक-दोन फेऱ्यांत दोन्ही स्थिरावतात.

कितीही हलवलं तरी काळ्याच्या पट्ट्या दिसतच नाहीत, किंवा काळा जाईना इतका धुकट आहे, असं झालं तर दोष पट्टीत नाही. संगणक, गेमचा कन्सोल किंवा प्लेअर ० ते २५५ पाठवतो आहे आणि टीव्ही त्याला १६ ते २३५ समजतो आहे, किंवा नेमकं उलट. टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ असं सेटिंग असतं, पाठवणाऱ्या उपकरणातही असतं. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा दोन्हीकडे ‘फुल’ करा आणि मग पट्ट्यांकडे वळा.

पाचवी पायरी: शार्पनेस

शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील येत नाही. टीव्ही कडेच्या बाजूला पांढरी रेघ ओढतो, त्याने कड उठून दिसते एवढंच. राखाडी पार्श्वभूमीवर बारीक काळ्या रेघा असलेलं चित्र लावा, रेघांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत पट्टी खाली आणा. बहुतेक टीव्हींत हे शून्यावर किंवा त्याच्या आसपास होतं. सोनीत मात्र मधला ५० हा तटस्थ आकडा आहे, त्याखाली गेलात तर चित्र उलट मऊ होतं.

सहावी पायरी: रंग

‘कलर टेम्परेचर’ आधी. ‘वॉर्म’ निवडा, वॉर्म १ आणि वॉर्म २ असतील तर बहुधा २. तो ६५०० केल्व्हिनच्या सगळ्यांत जवळ असतो. ‘कूल’ पुष्कळदा ९००० च्याही वर जातो.

‘कलर’ आणि ‘टिंट’ या पट्ट्या सिनेमा मोडमध्ये कारखान्यातूनच जवळपास बरोबर येतात, म्हणून मी सहसा त्यांना हात लावत नाही. खात्री करायचीच असेल तर रंगपट्ट्यांचं चित्र लावा आणि टीव्हीत फक्त निळा रंग दाखवणारा पर्याय असेल तर तो चालू करा. तो नसेल तर निळं फिल्टर डोळ्यासमोर धरा. आता सगळं निळ्या छटांत दिसेल. पांढऱ्याची आणि निळ्याची पट्टी सारख्याच उजळ दिसल्या तर ‘कलर’ बरोबर. आकाशी आणि किरमिजी सारख्या दिसल्या तर ‘टिंट’ बरोबर. नाही दिसल्या तर त्या-त्या सेटिंगची पट्टी हलवून जुळवा. फिल्टर हलक्या दर्जाचं असेल आणि हिरवा-लाल थोडा गळत असेल तर हा प्रयोग फसवतो. मग सरळ माणसांच्या चेहऱ्यांकडे बघा, एका नव्हे, वेगवेगळ्या वर्णाच्या, वेगवेगळ्या कार्यक्रमांतल्या.

‘गामा’, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा तो चढ, उजेडाच्या खोलीत २.२, अंधाऱ्या खोलीत २.४ किंवा बीटी.१८८६. ‘कलर स्पेस’ किंवा ‘गॅमट’, म्हणजे रंगांचा पल्ला, ऑटोवर. ‘नेटिव्ह’ किंवा ‘वाइड’ केलं की गवत प्लॅस्टिकचं होतं.

त्याच्या खाली ‘व्हाइट बॅलन्स’चे २ पॉइंट, २० पॉइंट असे मेनू दिसतील. ते मोजयंत्राशिवाय हलवू नयेत. तुमच्याच मॉडेलसाठी कुणीतरी लिहून ठेवलेले आकडे इंटरनेटवर मिळतील, तेही उचलू नका. एकाच मॉडेलचे दोन पडदे पांढऱ्याच्या बाबतीत सारखे नसतात, त्यामुळे दुसऱ्याची दुरुस्ती तुमच्याकडे बिघाड ठरू शकते.

एचडीआरचं वेगळं खातं

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतला फरक नेहमीपेक्षा जास्त दाखवणारं) चित्र सुरू झालं की टीव्ही सेटिंगचा वेगळा संच उघडतो. वर केलेलं काही त्याला लागू होत नाही, आणि हे एचडीआर चालू असतानाच मेनू उघडून लावावं लागतं. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराचा संच त्याहूनही निराळा.

नेहमीच्या चित्रात ‘पांढरा’ म्हणजे तुमच्या टीव्हीने ठरवलेला पांढरा. एचडीआर१० या एचडीआरच्या नेहमीच्या प्रकारातला पीक्यू हा चढ मात्र थेट निट्समध्ये बोलतो, १०,००० निट्सपर्यंत. घरातले पडदे त्याच्या बरेच खाली असल्यामुळे टीव्ही वरचा भाग दाबून बसवतो. म्हणून इथे बॅकलाइट पूर्ण, कॉन्ट्रास्ट मोडने दिलेला तोच, काळ्याची पट्टी मूळ जागी, रंग वॉर्म, लोकल डिमिंग ‘हाय’. हात आखडता घेतलात तर चमकणाऱ्या गोष्टी चमकणारच नाहीत.

‘एचडीआर लावलं की चित्र काळोखं होतं’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि ती खोटी नाही. साध्या चित्राचा बॅकलाइट आपण खोलीप्रमाणे हवा तितका वाढवलेला असतो, एचडीआरमध्ये तशी वाढवायला जागाच उरत नाही. दिवे मालवणं हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर दृश्यागणिक उजेड जुळवणारं ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ चालू करा, डॉल्बी व्हिजनमध्ये ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ घ्या. दुसऱ्या पायरीतल्या माझ्या कडक यादीला एवढा अपवाद.

बाहेरच्या प्लेअरवरून एचडीआर येतच नसेल तर त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग तपासा. सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’ अशा नावाने ते असतं, आणि पुष्कळदा ते बंदच असतं.

गेम खेळणाऱ्यांनी ‘गेम मोड’ निवडून त्यातच वरच्या पायऱ्या कराव्यात. सिनेमा मोडमध्ये बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जास्त वेळ जातो.

जपून ठेवणं

कित्येक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं धरतात. सेट टॉप बॉक्सवर सगळं लावलं आणि टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा बघितला तर तिथे जुनंच चित्र दिसेल. ‘अप्लाय टू ऑल इनपुट्स’ असा पर्याय शोधा, नसेल तर आकडे हाताने भरा. सगळ्या मेनूंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही वेळा सेटिंग मूळपदावर जातं. घरातलं कुणी चुकून ‘रिसेट’ दाबतं ते निराळंच.

याच्या पुढचं काम मोजयंत्राचं. पडद्यासमोर लावायचा कलरीमीटर आणि संगणकावरचं सॉफ्टवेअर यांनी व्हाइट बॅलन्स आणि रंग आकड्यांत तपासता येतात. हे काम करणारी व्यावसायिक माणसंही असतात. त्यांना बोलवायचं तर टीव्ही शंभर-दोनशे तास वापरून झाल्यावर बोलवा, नव्या पडद्याचा रंग सुरुवातीच्या काळात थोडा सरकतो. स्वतः लावलेलं सेटिंग मात्र टीव्हीची जागा बदलली, खिडकीचा पडदा बदलला किंवा नवा प्लेअर जोडला की पुन्हा बघावं लागेल, आणि तेव्हा फक्त चौथी पायरी केली तरी पुरतं.